ज्वारीचा दाणा आणि मागचं डावं टायर

वहिनी, तुमच्या तेरवीला आलेल्या गाड्या अंगणापासून पार शाळेच्या भिंतीपर्यंत लागल्या होत्या. त्यातल्या तीन गाड्यांची टायरं गोटा झालेली. खाचा पुसून गेलेल्या, हात फिरवला तर वरवंट्यासारखी गुळगुळीत. मी पाहिलं, दादानं पाहिलं, आणि आम्ही दोघंही गप्प बसलो. दुःखाच्या घरी आलेल्या माणसाला असं काही बोलू नये म्हणतात. तुम्ही मात्र बोलल्या असत्या. स्वतःच्या तेरवीतून उठून, पदर खोचून, पंगतीत त्या पाहुण्याच्या पानावर बुंदी वाढता वाढता म्हणाल्या असत्या, "जावईबापू, जेवा सावकाश. तुमची गाडी आज इथून हलत नाही."

हे मनात आलं आणि मला भर पंगतीत हसू फुटलं. शोभानं, माझ्या बायकोनं, डोळे वटारले. मी तिच्या कानात कारण सांगितलं तर तीही पदरात तोंड घालून हसली. लोकांना वाटलं, जाऊबाईसाठी रडून राहिली. बाजूच्या काकूंनी तर तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तुम्हाला गाडी चालवता येत नव्हती. दादानं एकदा शिकवायचा प्रयत्न केला, तुम्ही पाच मिनिटांत खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "मले हे बसून हाकलणं जमत नाही, बैल कसा समोर दिसला पाहिजे." पण आपल्या घरची गाडी तुमच्या परवानगीशिवाय कधी फाटकाबाहेर गेली नाही. मी दिग्रसच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवणारा मास्तर. रोज सकाळी मी शर्ट खोचून, डबा घेऊन तयार, आणि तुम्ही जीपभोवती फिरून राहिलेल्या. आमच्या शाळेची प्रार्थना माझ्याशिवाय कितीदा झाली असेल, त्याला तुम्ही जबाबदार आहात.

ही सवय बैलांपासूनची. कापसाची बंडी भरून दिग्रसच्या बाजाराला निघायची, तेव्हा तुम्ही दोन्ही बैलांच्या खांद्यांवरून तळवा फिरवायच्या, चारही खूर उचलून पाहायच्या, मगच कासरा दादाच्या हातात द्यायच्या. मी तेव्हा सातवीत होतो आणि तुम्ही या घरात नुकत्या आल्या होत्या. पुढे बैल थकले, आम्ही ते दिले, दिग्रसच्या एका व्यापाऱ्याची जुनी जीप दारात आली. तुम्ही पहिल्या दिवशी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि सरळ खुरांपाशी बसल्या.

तुमची रीत मी आता वर्गातल्या पोरांना शिकवतो, भूगोलाच्या तासाला, हेडमास्तर नसताना. आधी चारही टायरं सकाळी थंड असताना पाहायची, कारण चालून तापलेल्या टायरातली हवा खोटं सांगते. मग तळवा फिरवायचा. दोन्ही कडा घासल्या असल्या तर हवा कमी, नुसती मधली पट्टी घासली असली तर हवा जास्त, एकच कड खाल्ली असली तर चाक वाकडं चालून राहिलं. मग पदराच्या गाठीतून ज्वारीचा दाणा काढायचा, खाचेत आडवा बसवायचा आणि वरून हात फिरवायचा. दाणा हाताला लागला की टायर संपलं. लागला नाही तर अजून चालेल. आणि शेवटी, ज्याचा मला सगळ्यात कंटाळा, चाकामागे हात घालून आतली बाजू चाचपायची. "आतून कोन पाहते, वहिनी?" मी म्हणायचो. "म्हनूनच पाहाव लागते," तुम्ही म्हणायच्या.

त्या वर्षांत कापसाचं काय चाललं आहे हे विचारायला बाहेरून किती गाड्या यायच्या, आठवतं? साहेब, वर्तमानपत्रवाले, कुठल्या कुठल्या समित्या. सगळे ओसरीवर बसून मान हलवायचे. एकदा एका साहेबानं वही उघडून तुम्हाला विचारलं, "ताई, तुमची मुख्य अडचण काय?" तुम्ही चहाची बशी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माही राहू द्या. तुमची अडचण हे हाय का तुमचं समोरचं टायर एका बाजूनं पार गेलं. यवतमाळपावतर पोचता का नाही, तेच पाहा." तो भला माणूस. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. ड्रायव्हरचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

आता मुद्द्यावर येतो, वहिनी. पंधरा वर्षांपासून ज्या मुद्द्यावर आपण भांडलो त्याच्यावर.

बैल गेल्यानंतरचा पहिला पोळा. आदल्या दिवशी खांदशेकणी, आणि आपला गोठा रिकामा. गावभर लोक बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळून राहिले होते आणि दादा ओसरीवर पाय हलवत बसला होता. तुम्हाला ते पाहवलं नाही. तुम्ही लोणी-हळदीची वाटी आणि पळसाची पानं त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "जा, चोळा चाकांले. त्यायनंबी वर्षभर वढलंच ना." दादा उठला. चारही टायरांना त्यानं लोणी-हळद लावली, गरम पाण्यात बुडवलेल्या पानांनी शेकलं, आणि जीपच्या कानात, म्हणजे आरशापाशी तोंड नेऊन, बैलांना सांगतात तसं सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आपण चौघं हसून हसून खाली बसलो. आईनं तर जीपला दृष्ट लागू नये म्हणून काजळ लावलं. तशी मजा मग कोणत्याच पोळ्याला आली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणाल्या, "आता धुऊन टाका. चिकट ठेवू नका." दादानं धुतलं. पण मी पाहिलं होतं की लोण्यानं टायरं कशी चमकली होती. मग मी दर रविवारी गुपचूप जवसाचं तेल लावायला लागलो. तुम्हाला सांगितलं, पाण्यानं पुसतो. दिग्रसला शाळेसमोर जीप उभी केली की मास्तर लोक विचारायचे, नवीन टाकले का टायर? मी नुसतं हसायचो. माझ्यासारख्या बी.एड. माणसाला हे कळू नये की तेलानं रबर खराब होतं, आणि चमकीखाली भेगा दिसत नाहीत. बैलाच्या खांद्याला जे मानवतं ते टायरलाही मानवेल, हा विचार फक्त आपल्याच घरात होऊ शकतो.

तुळशीचं लग्न झालं आणि माझ्यासाठी मुकुटबनची पोरगी पाहायला जायचं ठरलं. दिग्रसहून मुकुटबन म्हणजे जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जीपमध्ये नऊ माणसं, मी पांढऱ्या शर्टात, केसांना पाणी लावून. आणि तुम्ही खाली बसलेल्या, मागच्या डाव्या चाकामागे हात घालून. हात बाहेर आला तो काळाकुट्ट आणि तेलकट. तुम्ही तो नाकाला लावला.

"भाऊजी, हे जवसाचं तेल हाय."

"असंल कुठून तरी उडालं."

"उडालं? चारही चाकांले, गोलगोल?"

तुम्ही साबणाचं पाणी मागवलं. नऊ माणसं जीपमधून उतरली. मामा घड्याळ पाहायला लागले. टायर धुतलं तेव्हा काळ्या चमकीखालून बारीक भेगांचं जाळं निघालं, आणि आतल्या बाजूला, जिथं कोणी पाहत नाही तिथं, लिंबाएवढा फुगा.

मी म्हणालो, काही होत नाही, फुगा लहान आहे. मामा म्हणाले, वेळ जाते, मुहूर्त आहे. दादा स्टेपनीपाशी जाऊन उभा राहिला, तो हुशार माणूस. तुम्ही जीपसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. "नऊ जीव बसून राहिले याच्यात," तुम्ही म्हणाल्या. "स्टेपनी लावा. नाही त मह्या अंगावरून न्या." स्टेपनीत हवा होती, कारण पंधरा दिवसांआधी तुम्हीच मला ती भरायला लावली होती. मी पांढऱ्या शर्टात जॅक लावला. रागाच्या भरात पाना दोनदा निसटला आणि बोटं सोलली.

आपण अडीच तास उशिरा पोचलो. पोहे थंड झाले होते. मी हात धुतले होते, पण नखांतलं काळं गेलं नव्हतं, आणि पांढऱ्या कपावर माझी पाच बोटं उमटली. मी कप लपवायला गेलो तर बशीवर उमटली. समोर बसलेल्या शोभाला तिच्या काकानं सांगितलं, विचार तुले काही विचारायचं असंल तर. ती म्हणाली, "टायर तुम्ही बदललं?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणाल्या, "बदललं त्यायनं. पाह्यलं म्या." शोभा हसली. ती आजही सांगते, आलेल्या चार स्थळांपैकी हात काळे असलेला हाच एक होता. म्हणजे माझा संसार तुमच्या हट्टावर उभा आहे. हे मी लोकांना सांगत आलो. तुम्हाला मात्र कधी म्हटलं नाही.

तुम्हाला मी काय म्हटलं? दर दिवाळीला, दर पोळ्याला, घरात चार पाहुणे असले की म्हटलं, "वहिनींनी त्या दिवशी उगाच उशीर केला, त्या टायरला काहीच झालं नसतं." तुम्ही भाकरी थापता थापता म्हणायच्या, "काहीच झालं नसतं काय?" "काहीच नाही." "बरं," तुम्ही म्हणायच्या, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकायच्या. माझं पोट भरलेलं असलं तरी.

आता ऐका. सांगायला पाहिजे होतं आणि सांगितलं नाही, ते हे.

फाल्गुनात, लग्नाला महिना राहिला असताना, मी शेतातून जीप काढली आणि पऱ्हाटीचं धसकट त्या स्टेपनीच्या टायरमध्ये घुसलं. कापूस निघाल्यावर झाडं कापतात आणि बुडं जमिनीत खिळ्यांसारखी उभी राहतात, त्यातलं एक. तुम्ही माहेरी गेल्या होत्या. मी ते नाकारलेलं टायर गोठ्यातून काढून लावलं. पंक्चर दिग्रसला जोडून घेतलं, पण जोडलेलं टायर जीपमध्ये मागे टाकून ठेवलं आणि त्या फुग्यावरच चालवत राहिलो. आळस होता, हे खरं. पण खरी गोष्ट ही की मला तुम्ही परत आल्यावर म्हणायचं होतं, पाहा, चार दिवस चाललं.

चार दिवससुद्धा चाललं नाही. दिग्रसहून येताना, भर दुपारी, नाल्याच्या पुलाच्या अलीकडे ते फुटलं. आवाज असा झाला की बाभळीवरचे सगळे बगळे उडाले. जीप डावीकडे ओढली गेली, बांध चढली आणि कापसाच्या रिकाम्या वावरात जाऊन थांबली. पुलाच्या अलीकडे, वहिनी. दहा-बारा पावलं पुढं फुटलं असतं तर खाली नाला होता. मला खरचटलंसुद्धा नाही. मी बांधावर जाऊन बसलो. तेव्हा मला तुम्ही आठवल्या, जीपसमोर मांडी घालून बसलेल्या. आणि नऊ माणसं आठवली. मामा, आई, दादा, मामीच्या मांडीवरचं लेकरू. मी त्या वावरात एकट्यानं मोठ्यानं म्हटलं, वहिनी, तुमचं बरोबर होतं. तिथं ऐकायला एक टिटवी होती.

मग मी टायर बदललं, घरी आलो, आणि फुटकं टायर गोठ्यामागच्या पऱ्हाटीच्या ढिगात लपवलं. खोल, पार तळाशी. तुम्ही आल्यावर मी सांगितलं की ते जुनं टायर दिग्रसला देऊन टाकलं. तुम्ही म्हणाल्या, "बरं केलं." मला वाटलं, सुटलो. लग्नाच्या धावपळीत मी ते विसरलो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पाहिलं तर ढीगही संपला होता आणि टायरही नव्हतं. तुम्ही म्हणाल्या होत्या की भंगारवाल्याला सगळं जुनंपानं दिलं. मी देवाचे आभार मानले.

किती बावळट असावं माणसानं. ज्या ढिगातून घरची बाई रोज दोन वेळा चुलीसाठी पऱ्हाटी ओढते, त्या ढिगात मी तिच्यापासून वस्तू लपवली होती. चूल न पेटवणाऱ्या माणसालाच हे सुचू शकतं. हे मला कधी कळलं? परवा कळलं.

माझी लेक गुड्डी, तुम्हाला मोठीआई म्हणणारी, पाच वर्षांची झाली तेव्हा तुम्ही चिंचेला टायरचा झोका बांधला. म्हणाल्या, टायर भंगारवाल्याकडून आणलं. बसायच्या जागी चार पदरी गोणपाट घालून सुतळीनं शिवलं. गावात दुसऱ्यांच्याही दारी टायरचे झोके होते, त्यांच्यात पावसाचं पाणी साचायचं, डास व्हायचे. आपल्या झोक्यात कधी पाणी साचलं नाही. मी लोकांना अभिमानानं सांगायचो, आमच्या वहिनीची बांधणीच अशी आहे. तुम्ही हे ऐकून आत जायच्या. मला वाटायचं लाजतात. तुम्ही हसायला जात होत्या, नाही?

यवतमाळच्या दवाखान्यात मी तुमच्याजवळ तीन दिवस बसलो. तिन्ही दिवस ठरवून गेलो की आज सांगायचं. पहिल्या दिवशी नर्स होती, दुसऱ्या दिवशी दादा होता. तिसऱ्या दिवशी कोणीच नव्हतं आणि मी संत्रं सोलत बसलो. तुम्ही डोळे उघडून विचारलं, "भाऊजी, चाकं पाहून आले ना?" मी म्हणालो, "पाहून आलो." पाहिली नव्हती. घाईत निघालो होतो. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं, संत्र्याची फोड घेतली आणि म्हणाल्या, "बरं." तेच ते भाकरी टाकतानाचं बरं. ते आपलं शेवटचं बोलणं झालं, आणि त्यातही मी खोटं बोललो. याचं मला फार वाईट वाटत होतं, वहिनी. तेरा दिवस मी नीट जेवलो नाही.

परवा, पाहुणे गेल्यावर, गुड्डी चिंचेखाली उभी होती. झोक्यावर बसेना.

"काहून गं?"

"मोठीआई आधी हात लावून पाहे. मंगच मी बसो. आता तुम्ही पाहा."

मी गोणपाटावर हात मारला आणि म्हणालो, ठीक आहे, बस. ती म्हणाली, "असं नाही. आतून." तुमचीच पोरगी झाली आहे ती. मी खाली बसलो, गोणपाटाची एक शिवण उसवली आणि आतून तळवा फिरवला. आणि माझी चारही बोटं टायरच्या बाहेर निघाली.

बाजूला, हातभर फाटलेलं. फाटल्याच्या कडा तुम्ही दगडावर घासून गोल केल्या होत्या, पोरीला लागू नये म्हणून. वरचा भाग, जिथं दोर बांधला, तो धडधाकट. आणि सगळीकडे त्या बारीक भेगांचं जाळं. मी नाक जवळ नेलं. इतक्या वर्षांनी काय वास राहणार? पण मला जवसाचा वास आला. पाणी का साचत नव्हतं, तेही कळलं.

"गुड्डी," मी विचारलं, "हे टायर कुठचं, ते मोठीआईनं कधी सांगितलं का?"

"हो. म्हने, तुह्या बाबाचं फुटलेलं टायर हाय. पऱ्हाटीत सापडलं."

"अजून काय म्हणाल्या?"

"म्हने, त्याईले सांगू नको, त्याईले वाटते मले माहीत नाही. म्हने, ते फुटलं अन् तुहा बाबा घरी आला, म्हनून मी हे फेकत नाही. म्हने, एक ना एक दिवस तो हात घालून पाहीनच."

मी तिथं चिंचेखाली बसून रडलो आणि हसलो, दोन्ही एकदम, आणि पोर माझ्याकडे पाहत राहिली. इतकी वर्षं तुम्ही माझ्या ताटात भाकरी टाकून विचारत होत्या, काहीच झालं नसतं काय, आणि अंगणात माझंच फुटकं टायर टांगलेलं. माझीच लेक त्याच्यावर झोके घेत होती, आणि मी, टायरांबद्दल तुमच्याशी भांडणारा शहाणा, त्याच्यासमोरून रोज दोन वेळा जात होतो. तुम्ही जिंकल्या होत्या आणि कोणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोसमोर माझी मान ताठ राहू दिली.

तुमचं बरोबर होतं, वहिनी. मुकुटबनच्या दिवशीही आणि नंतरही. टिटवीला सांगून झालं होतं, आज तुम्हाला सांगतो.

शिवण मी परत घातली, वाकडीतिकडी. दोर ओढून पाहिला, गाठी पाहिल्या, वरची फांदीसुद्धा पाहिली. मग घरात जाऊन कोठीतून ज्वारीचा एक दाणा आणला आणि जीपची चारही चाकं पाहिली, आणि स्टेपनी, आणि प्रत्येकाची आतली बाजू. गुड्डी एका हातानं झोका धरून वाट पाहत होती.

"पाह्यलं का?" तिनं विचारलं, अगदी तुमच्या आवाजात.

"पाह्यलं," मी म्हणालो. हात कोपरापर्यंत काळे झाले होते.